कुलपातल्या घोड्या

विलास, तुझा फोटो गॅरेजात लावला. कंप्रेसरच्या वरच्या भिंतीवर, जिथं आधी पान्यांचा फळा होता तिथं. मंगलवहिनींनी निवडलेला फोटो आहे. पांढरा शर्ट, चापूनचोपून पाडलेला भांग, हात दिसतच नाहीत. तुला ओळखणारा माणूस या फोटोवरून तुला ओळखायचा नाही. तुझे हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि शर्टाच्या छातीवर ताटाएवढा ऑइलचा डाग. फोटोतला माणूस सज्जन दिसतो. तू सज्जन नव्हतास. तू हट्टी होतास, तोंडाळ होतास आणि पहिल्या नंबरचा बढाईखोर होतास. तेरा दिवस मी सातपूरभरच्या लोकांकडून तुझं गुणगान ऐकून घेतलं, आता जरा मला बोलू दे.

आणि बोलायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल. ज्या दिवशी तू गेलास त्या दिवशी तू मला फोन करून गाडीखाली लावायच्या घोड्या मागितल्या होत्यास. तेरावं होऊन गेलं तरी हे मी तुझ्या बायकोपासून, मंगलवहिनींपासून लपवून ठेवलं.

भद्रकालीतल्या उस्तादांच्या गॅरेजात आपण एकाच महिन्यात लागलो. तिथं मिस्त्री व्हायची एकच परीक्षा होती. गाडीखाली उताणं झोपायचं, गिअरबॉक्सचे बोल्ट सोडायचे आणि इंजिनापासून सुटलेलं ते तीस-पस्तीस किलोचं धूड एकट्यानं छातीवर उतरवून घ्यायचं. ते छातीवर घेऊन सरपटत बाहेर आला तो मिस्त्री. नाही आला तो आयुष्यभर पाने पुसणार. तू पहिल्याच फटक्यात बाहेर आलास, तेही काहीतरी गुणगुणत. मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी हात थरथरले, गिअरबॉक्स कोपरावर कलंडला आणि मी ओरडलो. उस्ताद वाकून म्हणाले, "तू रहने दे बेटा, तू पाना पकड." तू तेव्हा हसला नव्हतास हे मला आठवतं. हसला असतास तर बरं झालं असतं. तू माझ्या कोपराला हळद लावत बसलास आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तेव्हापासून तू विलास मिस्त्री. मी वीस वर्षं नुसता संजय. पुढं आपण सातपूरला स्वतःचं गॅरेज टाकलं, बोर्डावर दोघांची नावं लिहिली, तरी गिऱ्हाईक दारात गाडी लावून मलाच विचारायचं, "मिस्त्री आहेत का?" मी म्हणायचो, "आहेत, गाडीखाली."

मी घोड्या आणल्या तो दिवस तुझ्या लक्षात असेलच. चार लोखंडी घोड्या, खाचेत दांडा अडकवून उंची कमी-जास्त करायच्या. जॅकनं गाडी उचलायची आणि तिचं वजन या घोड्यांवर सोडायचं, म्हणजे जॅक बसला तरी गाडी बसत नाही. मी रीतसर करून दाखवलं. सपाट जागा बघायची, मागच्या चाकांना अडण लावायची, घोड्या मांडायच्या आणि खाली जाण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचं. गिअरबॉक्स उतरवायला छोटा ट्रॉली जॅकसुद्धा आणला होता. तू सगळं लक्ष देऊन ऐकलंस. मग म्हणालास, "लय भारी. तू लाव. मला आपली छाती हे." आणि तसाच जॅक आणि लाकडी ठोकळ्यावर टेकवलेल्या गाडीखाली शिरलास.

मी काळजीपोटी त्या आणल्या असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुला खरं सांगतो, आता तू कुठं कुणाला सांगणार आहेस? काळजी थोडी होती. जास्त करून मला असं काहीतरी हवं होतं ज्याच्यापुढं तुझी छाती फिकी पडेल.

तू गेलास त्या आठवड्यातल्या सोमवारी तू दोन घोड्यांवर फळी टाकलीस, तिचं टेबल केलंस आणि तीन गिऱ्हाइकांना तिथं चहा पाजलास. मी गाडी उचलून घोड्या शोधत होतो. मला बघून तू म्हणालास, "संज्या, तू गाडीला टेकू लावतो का सोताला?" तिघंही हसले. त्यातले एक जण तर माझेच गिऱ्हाईक होते. मी फळी उचलून भिंतीला लावली, घोड्या एकेक करून आतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि म्हणालो, "आजपासून माझ्या घोड्यांना हात लावायचा नाही." तू म्हणालास, "कोण लावतंय?" पुढचे दोन दिवस आपण बोललो नाही. पाना हवा असला तरी चहावाल्याला सांगून मागायचो.

बुधवारी चांदवडहून फोन आला. कांद्यानं भरलेली पिकअप हायवेवर बंद पडली होती, क्लचची केबल तुटलेली. गाव तुझं, गाडीवाला तुझ्या नात्यातला. जायला तूच हवा होतास. पण एका छपराखाली तुझं तोंड बघत बसण्यापेक्षा चांदवड बरं, म्हणून मी निघालो. कपाटाची एक किल्ली माझ्या खिशात होती. दुसरी मी भिंतीवरच्या घड्याळामागं अडकवून ठेवली होती. हे फक्त मला माहीत होतं.

साडेअकराच्या सुमाराला तुझा फोन आला. शाळेतल्या बाईंची पांढरी गाडी तू घेतली होतीस, क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलंच. तू म्हणालास, "संज्या, घोड्या कपाटातच हायेत ना? किल्ली कुढं ठिवली?"

घोड्या आणल्यापासून तू पहिल्यांदा त्या मागितल्यास. मी फक्त 'घड्याळामागं बघ' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "का? छाती कुठं गेली?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर मला काय वाटलं तेही लिहितो. मला मजा वाटली. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं हलकं वाटलं. तुझ्या त्या पाहुण्याकडून मी तंबाखू मागून घेतली, त्याच्याशी कांद्याच्या गप्पा मारल्या आणि केबल टाकताना गुणगुणत होतो. तुझंच काहीतरी गुणगुणत होतो.

पुढचं मला शेजारच्या लेथवाल्या इब्राहिमभाईंनी सांगितलं. तू बॅटरीची वायर काढलीस, ऑइल सोडलंस, चाकांकडं जाणारे दोन्ही दांडे काढलेस, इंजिनाला खालून टेकू दिलास, सगळं व्यवस्थित. कामात तू कधी घाई केली नाहीस, तेवढं तुझं कबूल करायलाच हवं. फक्त गाडी जॅक आणि ठोकळ्यावर होती. शेवटचा बोल्ट सुटल्यावर गिअरबॉक्स जरा अडून बसला, तू नेहमीसारखा हिसका दिलास, गाडी हलली आणि ठोकळा सरकला. गाडी विलासच्या अंगावर आली असं लोक म्हणतात. गाडी तुझ्या अंगावर आली नाही. ती गिअरबॉक्सवर आली आणि गिअरबॉक्स तुझ्या छातीवर होता.

तुझ्या हाताशी हातोडा होता, विलास. ते कुलूप एका घावात निघालं असतं. इब्राहिमभाईंकडं मागितलं असतंस तर त्यांनी लोखंडाचे दोन तुकडे जोडून टेकू करून दिला असता. संध्याकाळपर्यंत थांबला असतास तर शाळेतल्या बाई काही ओरडणार नव्हत्या. पण संजयच्या कुलपाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. दुसऱ्याच्या पेटीतला पानासुद्धा न विचारता घ्यायचा नाही, हा तुझा बाणा. मला त्या बाण्याची चीड येते. मेलास तेही मला अडकवून मेलास.

इब्राहिमभाईंचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव ओलांडत होतो. ते म्हणाले, "सीधा अस्पताल आ जा." मी सरळ हॉस्पिटलला गेलो नाही. आधी गॅरेजात आलो. कुणी नव्हतं, सगळे तुझ्यामागं गेले होते. शेजारच्यांनी हातांनी उचलून बाजूला टेकवलेली गाडी तिरकी उभी होती. मी कपाट उघडलं, चारही घोड्या बाहेर आणल्या आणि गाडीशेजारी मांडून ठेवल्या, जणू सकाळपासून तिथंच असाव्यात. मग हॉस्पिटलला गेलो. डॉक्टर म्हणाले, जाऊन दहा मिनिटं झाली. कपाट उघडून घोड्या मांडायला मला साधारण तेवढाच वेळ लागला होता.

पोलिसांना मी जबाब दिला. मयत इसम नेहमीच घोड्या न लावता काम करत असे. मी वारंवार सांगूनही ऐकत नसे. घटनेच्या दिवशी घोड्या गॅरेजमध्ये उपलब्ध होत्या. त्यातलं एकही वाक्य तसं खोटं नाही. मी खाली सही केली, हवालदारांनी खांद्यावर हात ठेवून पाणी दिलं.

दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी निःश्वास टाकला, कुणी म्हणालं, "मागं काही राहिलं नाही बघा विलासचं." मला तुझा इतका राग आला. आयुष्यभर हट्ट केलास, हॉटेलात वेटरला दोनदा चहा परत न्यायला लावायचास, आणि जिथं हट्ट धरायचा तिथं मुकाट्यानं निघालास? त्या कावळ्याला थोडं थांबवून ठेवलं असतंस तर सगळ्यांनी विचारलं असतं, काय राहिलं असेल त्याचं? मग कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतोही.

वहिनी मात्र तुला सोडत नव्हत्या. येईल त्याच्यासमोर तुझ्या फोटोकडं हात करून म्हणायच्या, "भाऊजींनी घोड्या आणून ठिवल्या होत्या. हट्टानं नाय लावल्या यांनी. हट्टानं गेले." आणि माझ्याकडं बघायच्या. मी मान डोलवायचो. घरी, घाटावर, तेराव्याच्या पंगतीत, पाच-सहा वेळा तरी असं झालं. प्रत्येक वेळी त्या बोलायच्या, बघायच्या, मी मान डोलवायचो. एकदा तर मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, गेलेल्या माणसाला नाही बोलू." किती मोठ्या मनाचा आहे मी, बघ.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी शाळेतल्या बाईंचा फोन आला. फार अवघडून बोलत होत्या. गाडी तशीच नेते म्हणाल्या, दुसरीकडं करून घेईन. मी म्हणालो, नाही, मीच करतो. तू उतरवलेला गिअरबॉक्स दुसऱ्या कुणी चढवावा हे मला बघवलं नसतं.

सकाळीच कामाला लागलो. मागच्या चाकांना अडण. चार घोड्या. गाडी गदागदा हलवली. मग आणखी एकदा हलवली. नवी क्लच प्लेट बसवताना ती बरोबर मधोमध धरायला इब्राहिमभाईंनी लेथवर करून दिलेला लाकडी दांडका वापरला, तुझ्याच बोटांचे डाग आहेत त्याच्यावर. गिअरबॉक्स धुताना त्याच्या एका कडेला तुझ्या शर्टाचा दोरा अडकलेला सापडला. तो काढला. कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून खिशात ठेवला.

ट्रॉली जॅकवर गिअरबॉक्स चढवत मी खाली झोपलो. बोटभर अंतरावर येऊन तो थांबला. आत जाईना. इथंच आपलं कायम भांडण व्हायचं. मी म्हणायचो, बोल्ट लावून कसू, आपोआप ओढला जाईल. तू माझ्या हातावर फटका मारायचास. "कसू नको, कान तुटंल त्याचा. तो लाजतोय. इंजिन जरा फिरव, सोताहून येतो." समोरच्या पुलीला पाना लावून कुणीतरी इंजिन केसभर फिरवायचं, आतल्या खाचा जुळल्या की गिअरबॉक्स सरकून बसतो. हे तू मला शिकवलंस. किती गिअरबॉक्सांचे कान, बोल्ट बसायच्या त्या कडा, वाचल्या असतील त्यानं. यासाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आता मानतो, घे.

पण फिरवायला कुणी नव्हतं. तेवढ्यात दारात पाय दिसले. वहिनींच्या चपला. मी खालून म्हणालो, "वहिनी, बसा, आलोच." त्या म्हणाल्या, "अडलाय का? फिरवू?" त्यांनी पुलीला पाना अडकवला आणि सावकाश खाली दाबला. "यांनी दाखवलं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही गावाला गेले होते तव्हा." कट् असा बारीक आवाज झाला आणि गिअरबॉक्स जागेवर बसला. मी दोन बोल्ट हातानं लावले.

मग त्या तिथंच स्टुलावर बसल्या. मला त्यांचे पाय आणि साडीची किनार दिसत होती. पाय ट्रॉली जॅकच्या दांड्यापासून वीतभर होता. त्यांनी मुद्दाम तो दांडा ढकलला तर, अशी मला क्षणभर भीती वाटली, लाज वाटते सांगायला, पण वाटली. काही होणार नव्हतं, गिअरबॉक्स बोल्टांनी धरला होता आणि गाडी चार घोड्यांवर भक्कम होती.

"भाऊजी, बाहेर येऊ नका," त्या म्हणाल्या. "तोंड दिसलं तर मला बोलता नाय यायचं. त्या दिवशी अकरा वाजता यांचा फोन आला होता मला. म्हणे, संज्याला आता फोन करतो आणि घोड्या मागतो. मी म्हणलं, आज कसा उजाडला सूर्य? तर म्हणे, मला कशाला लागतात घोड्या? मागितल्या की त्याचा राग जाईल. दोन दिवस तोंड फिरवून बसलाय, मला करमंना."

मी पाना छातीवर ठेवून पडून राहिलो.

"पोलिसांनी फोन परत दिला. शेवटचा फोन तुम्हाला हे. अर्धा मिनिटसुदीक नाय. तेरा दिवस मी यांना शिव्या घातल्या भाऊजी. मेलेल्या माणसाला चारचौघांत हट्टी म्हणले. एकदा तरी तुम्ही म्हणशाल, नाय वहिनी, त्यानं मागितल्या होत्या. एकदा तरी. तुम्ही आपले मान डोलवत राहिले."

मग त्यांनी विचारलं, "काय म्हणले तुम्ही त्यांना?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. घड्याळामागच्या किल्लीचं सांगितलं. आधी गॅरेजात आलो आणि मग हॉस्पिटलला, तेही सांगितलं. गाडीच्या पोटाकडं बघत सांगितलं, त्यामुळं त्यांचा चेहरा मला आजही माहीत नाही. त्या रडल्या नाहीत. शेजारची लेथ चालू होती.

मग स्टूल सरकलं. "खिशातली किल्ली द्या," त्या म्हणाल्या. मी गाडीखालून हात बाहेर काढला, त्यांनी किल्ली घेतली. मग घड्याळ हलल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो तेव्हा त्या तुझ्या फोटोखालच्या खिळ्याला दुसरी किल्ली अडकवत होत्या. "घोड्या रोज संध्याकाळी कपाटात ठिवायच्या, कुलूप लावायचं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "आन् सकाळी यांच्याकडून मागून घ्यायच्या." आणि खिशातली किल्ली पदरात बांधून निघून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

शाळेतल्या बाईंची गाडी बरोबर झाली. पाचही गिअर लोण्यासारखे पडतात. बाईंनी विचारलं, "मिस्त्री, तुम्हीच केलं ना शेवटी?" मी हो म्हणालो.

रोज सकाळी शटर उघडतो आणि फोटोसमोर उभा राहतो. किल्ली घ्यायला हात तुझ्या त्या पांढऱ्या शर्टाजवळून न्यावा लागतो. मी म्हणतो, "विलास, घोड्या दे रे." मोठ्यानं म्हणतो, इब्राहिमभाईंना ऐकू जातं. तू काही बोलत नाहीस. मी थांबतो, मिनिट-दोन मिनिटं थांबतो. मी तुला फोनवर जे म्हणालो होतो, निदान तेवढं तरी म्हण.